सातबाऱ्यावर 'पोटखराब', वर प्लॉटिंगचा प्रस्ताव: सड्यावर नक्की काय आहे ते कसं तपासायचं?

कातळवाट | १९ एप्रिल, रात्री १०:४२

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

राजापूर तालुक्यात आमचा चौदा एकरांचा सामाईक सडा (जांभ्या कातळाचं सपाट पठार) आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं. चार मुंबईत, दोन पुण्यात, एक चुलतबहीण बडोद्याला, बाकी गावात. क्षेत्र बहुतेक पोटखराब वर्ग 'अ' (पीक न निघणारं), कडेला चारेक एकर वरकस (उताराची हलकी जमीन). आजोबांच्या वेळी त्या वरकशीत नाचणी-वरी व्हायची. आता वर कोणी जात नाही. एक म्हातारे गुराखी आहेत, ते चार गुरं घेऊन जातात तेवढेच.

फेब्रुवारीत एजंट आला. पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट पाडायचे, 'सेकंड होम'. एका कोपऱ्यातून समुद्र दिसतो, त्याचं तर भलतंच कौतुक. भाव ऐकून धाकटा चुलतभाऊ रात्रभर झोपला नाही. खोटं कशाला बोलू, मीही नाही.

मी एजंटला म्हटलं, आधी जागेवर काय आहे ते नीट बघून घ्या. त्यांनी ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक माणूस टोपी घालून आला, तासभर फिरला, ड्रोन उडवला, वहिनीने दिलेलं सरबत प्यायला आणि गेला. परवा पीडीएफ आली. बावीस पानं. त्यात सड्यावर ओळ एकच: 'जागा खडकाळ व ओसाड असून उल्लेखनीय वनस्पती अथवा प्राणी आढळले नाहीत.' आणि लगेच खाली, पाचशे झाडं लावून परिसर हिरवा करणार.

ती ओळ खोटी नाही, पंचाईत तीच आहे. एप्रिलात सड्यावर खरंच काही दिसत नाही. चपलेतून चटका बसतो. पण गणपतीत गौरीसाठी आई तेरडा आणि कळलावी तिथूनच आणायची, आणि तेव्हा फुलं चुकवून पाय ठेवायला जागा शोधावी लागायची. बाकीच्या दहा नावांना हे सांगितलं की ते म्हणतात, फुलं काय परसातही येतात.

तर प्रश्न असा. 'काहीतरी आहे' हे कागदावर कसं आणायचं? कोणी केलंय का असं?

टोटलस्टेशन | १९ एप्रिल, रात्री ११:३०

बावीस पानं म्हणजे माणूस मेहनती दिसतो. मी बारात आटोपणारे पाहिलेत. (होय, मीही त्याच धंद्यातला. दगड नंतर मारा.)

आधी कायद्याचं सांगतो. ईआयएची (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या मूल्यमापनाची) अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. बांधकामं तिच्या आठव्या नोंदीत येतात. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर ते दीड लाख असेल तर एक वर्ग, दीड लाखाच्या वर किंवा जागा ५० हेक्टरच्या वर असेल तर दुसरा. तुमचे चौदा एकर म्हणजे पावणेसहा हेक्टरसुद्धा भरत नाहीत. शिवाय प्लॉटिंगवाला स्वतः बांधत नाही. तो तुकडे विकून मोकळा, पुढे जो तो आपला बंगला आपल्या हिशेबाने बांधतो. त्यामुळे पर्यावरण मंजुरीचा विषयच निघत नाही. ती पीडीएफ कोणत्या कायद्याने मागितलेली नाही, ती गिऱ्हाइकाला दाखवायच्या माहितीपत्रकाची सख्खी बहीण आहे.

आणि मंजुरी लागली असती तरी फार हुरळू नका. पहिल्या वर्गाला ईआयए अहवाल लागत नाही. फॉर्म १ आणि फॉर्म १अ भरायचा. त्या १अ मध्ये वनस्पतींचा एक भाग आणि प्राण्यांचा एक भाग, प्रत्येकी दोन-चार प्रश्न. आठव्या नोंदीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीही माफ आहे. ज्या मोठ्या प्रकल्पांना पूर्ण अहवाल लागतो त्यांना पायाभूत माहिती बहुतेक वेळा एका ऋतूची चालते, तीही पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायची तर ते बरोबर आहे, पावसात धूळ खाली बसते. पण त्याच फेरीत झाडंपानंही उरकली जातात. सड्यावर पावसाळा सोडून जाणं म्हणजे शाळा मे महिन्यात तपासून पोरं नाहीत असं लिहिण्यासारखं आहे. मी स्वतः असं लिहिलेलं आहे. दोनदा.

भाकरी_आधी | २० एप्रिल, सकाळी ७:१५

मी गावातच राहतो म्हणून कडू बोलतो. सड्याचं कौतुक बहुतेक वेळा दादर नाहीतर कोथरूडवरून येतं. आमच्या वाडीत तीन घरांना कुलूप आहे, पोरं लोट्याला आणि मुंबईला. कातळ खाऊन पोट भरतं का? सुरुंग लावून, वरून मातीचे डंपर ओतून आंब्याची कलमं लावली तेव्हा कोणी फुलं मोजली? चिरेखाणी पडल्या तेव्हा? आता कुठे दगडाला भाव आला तर लगेच सर्वेक्षण.

धागाकर्त्याला वैयक्तिक काही नाही.

कातळवाट | २० एप्रिल, सकाळी ९:०२

@भाकरी_आधी, वैयक्तिक घेतलं नाही. मी ठाण्यात राहतो, तेव्हा तुमचा दगड बरोबर बसलाय. विकायचंच नाही असं मी म्हणत नाहीये. काय विकतोय ते कळू दे, एवढंच.

गेंद | २० एप्रिल, दुपारी ३:४८

उशिरा आले, पेपर तपासणी चालू आहे. वनस्पतीशास्त्र शिकवते, गेली काही वर्षं पावसाळ्यात सड्यांवर विद्यार्थ्यांना घेऊन जाते. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, 'पोटखराब' हा शेतसाऱ्याच्या हिशेबातला शब्द आहे. ज्या तुकड्यातून पीक निघत नाही त्यावर आकार नको, एवढाच त्याचा अर्थ. महसूल खात्याने कधीच म्हटलेलं नाही की तिथे काही जगत नाही, ते आपण मनाने जोडलं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही 'खडकाळ, दगडाळ' असा वर्ग आहे, उघडा कातळ त्यातच जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट, सडा म्हणजे एकच एक अधिवास नव्हे. वरून सपाट दिसतो, पण गुडघे टेकून बघितलं की पाच-सहा वेगळ्या जागा असतात. नुसता उघडा कातळ, त्यावर शेवाळ आणि दगडफूल. बोटभर मातीचे पट्टे. वीतभर मातीचे खळगे. पावसाळाभर पाणी धरणारी उथळ डबकी. कातळाच्या भेगा. आणि कडेची झुडपांची बेटं. प्रत्येक ठिकाणचे रहिवासी वेगळे. बोटभर मातीत पाणी तुंबतं आणि अन्नद्रव्यं नसतात, म्हणून तिथे सीतेची आसवं येते. तिच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे फुगे असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट थेंबांना चिलटं चिकटतात. माती उपाशी म्हणून झाडं मांसाहारी. तिथे पाचशे झाडं लावायची म्हणजे खड्डे फोडून लाल माती आणि शेणखत टाकायचं, आणि मग त्या उपाशी मातीची सगळी वस्ती संपते. वृक्षारोपणाने नुकसान होणाऱ्या जागांच्या यादीत सडा फार वर आहे.

तिसरी गोष्ट, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. किती प्रकार मिळाले हा आकडा फारसा कामाचा नाही. तुमच्या परसात मोजलेत तर सड्याच्या एखाद्या पट्ट्यापेक्षा जास्त प्रकार भरतील. परसातलं कुठेही भेटतं, हा फरक. दिपकाडी घ्या. पांढऱ्या फुलांचा कांदा, पहिल्या पावसानंतर फुलतो. कोकण-गोव्याकडचे सडे सोडले तर त्याला घर नाही. आंबोलीचा टोड बघा, त्याची प्रजात म्हणून नोंद झाली २००९ मध्ये. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि अगदी थोड्याशा टापूत सापडतो. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं आणि सगळ्यांचं लक्ष घाटमाथ्याकडे गेलं, खालच्या कोकणातल्या सड्यांना अजूनही 'कातळच तो' म्हणतात. म्हणून विचारायचं ते असं: इथे जे आहे ते आणखी कुठे आहे, आणि इथून गेलं तर परत आणता येईल का?

आता तुम्ही काय करायचं ते. तीन फेऱ्या. एक मृगाच्या पहिल्या आठवड्यात, एक श्रावणात, एक पाऊस सरताना. पहिली फेरी चुकवू नका, दिपकाडी आणि बेडूक तुमची वाट बघत थांबत नाहीत. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. नकाशावर आधीच जागा ठरवा, नाहीतर हात आपोआप फुलं असतील तिथे चौकट टाकतो. प्रत्येक चौकटीचा उभा फोटो, जीपीएस, मातीची खोली (पट्टी खुपसून), पाणी आहे का. नाव येत नसेल तर अडू नका, फुलाचा आणि पानाचा जवळून फोटो काढा, नाव नंतर लावू. रात्री एकदा टॉर्च घेऊन जा, एकटे नको, फुरसं असतं.

आणि त्या गुराख्यांना सोबत घ्या. पाणी कुठे किती दिवस टिकतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार.

बोरीबाभळी | २० एप्रिल, रात्री ८:२०

गेंदताई, 'परत आणता येईल का' हे आमच्याकडच्या माळरानाला तंतोतंत लागू. सासवडच्या बाजूला लांडगे आहेत, चिंकारा आहेत, आणि कागदावर 'पडीक'. धनगरांच्या मेंढ्या, लांडगे आणि आता बंगले एकाच गटात. इकडेही शहाणे लोक गवतात झाडं लावायला येतात. अवांतर झालं, पण दुखणं एकच.

लेस्टरकर | २१ एप्रिल, रात्री १:१०

इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या नियोजन खात्यात आहे, म्हणून इथली पद्धत सांगतो. सगळंच घेण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी २०२४ पासून इथे मोठ्या बांधकामांना आणि २ एप्रिलपासून बहुतेक छोट्यांनाही एक अट लागली. बांधण्याआधी जागेचं निसर्गमूल्य काढायचं आणि बांधून झाल्यावर ते किमान १० टक्क्यांनी वाढलेलं दाखवायचं, नंतर ३० वर्षं सांभाळायचं. मूल्य गुणाकाराने निघतं. क्षेत्र गुणिले वेगळेपण गुणिले स्थिती गुणिले त्या परिसरातलं महत्त्व. वेगळेपणाला शून्य ते आठ गुण, स्थितीला एक ते तीन. आता हिशेब बघा. खत मारलेल्या, मोडक्या स्थितीतल्या एक हेक्टर गवताचे दोन गुणिले एक, म्हणजे दोन एकक. जुन्या, चांगल्या स्थितीतल्या नैसर्गिक कुरणाचे आठ गुणिले तीन, चोवीस. दोन्ही लांबून हिरवंच. बिल्डर मग आपसूक पहिल्याकडे वळतो. वाद नाही, भाषण नाही, पैशाचा हिशेब.

त्रुटी पुष्कळ आहेत. प्राणी या गुणाकारात थेट येत नाहीत, अधिवासावरून अंदाज. कागदावर रंगवलेलं कुरण ३० वर्षं कोण बघणार हाही प्रश्न आहे. पण दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक, काही अधिवास 'भरून न निघणारे' म्हणून या दहा टक्क्यांच्या हिशेबातून बाहेर ठेवलेत. त्यांत जुनी जंगलं आहेत, दलदली आहेत, आणि चुनखडीचा उघडा कातळ आहे! यॉर्कशायरकडे असे सपाट कातळ आहेत, भेगांमध्ये नेचे उगवतात, बागांतल्या सजावटीसाठी लोक त्या कातळाचे दगडच उपटून न्यायचे. १९८१ च्या कायद्यात त्यासाठी वेगळं संरक्षण आलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोला म्हटलं, अगं हा आपला सडाच की, फक्त पांढरा.

दुसरं, ३० जानेवारी २०२० नंतर कोणी मुद्दाम जागा साफ करून मूल्य पाडलं असेल, तर हिशेब साफ करण्याआधीच्या स्थितीचा धरतात. सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात जेसीबी फिरवणारे इथेही आहेत म्हणायचे.

ऋतूंचंही कडक. पाणसरड्यांसाठी तळी बघायची तर मार्चचा मध्य ते जूनचा मध्य. ते दिवस चुकले की पुढच्या वर्षी या.

मोपाकार | २१ एप्रिल, सकाळी ११:३५

गोंयांतून देव बरें करूं! पुढचं मराठीतच लिहितो.

आमच्या मोपा विमानतळाची गोष्ट इथे आलीच पाहिजे. तोही सडाच, पेडण्याचा. २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. मुख्य मुद्दा हाच की सुरुवातीच्या फॉर्म १ मध्ये आसपासची जंगलं आणि संवेदनशील जागा यांची माहिती धड दिलीच नव्हती, आणि पाया कच्चा असेल तर वरचं मूल्यमापन काय कामाचं. झाडं फारशी नाहीत असा सूर असलेल्या जागेवर पुढे ५४ हजारांहून अधिक झाडं तोडायची निघाली. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली, २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उडतात. म्हणजे शेवटी झालंच. पण फॉर्ममधली रिकामी चौकट किती महागात पडू शकते त्याचा दाखला कोर्टाच्या कागदावर राहिला.

धागापाल | २१ एप्रिल, दुपारी १:००

बारसू रिफायनरीवरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे जागेचं मूल्यमापन एवढाच विषय.

टोटलस्टेशन | २१ एप्रिल, दुपारी १:२२

रिफायनरी नको, पण कातळशिल्पं तर बघून घ्या. राजापूर तालुका म्हणताय म्हणून. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, सगळी त्याच पट्ट्यातली. २०२२ मध्ये कोकणातली शिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तोपर्यंत कैक ठिकाणी गावकरी त्यावरून बैलगाड्या नेत होते. सकाळी सूर्य कलता असताना फिरा, डोक्यावर आला की रेघा दिसत नाहीत.

दुसरं, ग्रामपंचायतीत जैवविविधता समितीची नोंदवही मागा. २००२ च्या कायद्याने ती असायला हवी.

कातळवाट | ११ मे, रात्री ९:५०

नोंदवही मिळाली. त्यात आमच्या गावात साग आणि मोहाचं घनदाट जंगल आहे असं कळलं. नदीत मगरीही आहेत. आमच्या गावाला नदी नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गावाची वही चिकटवली असावी, नाव तेवढं बदललंय. सरपंचांना दाखवलं तर हसले, म्हणाले तुम्हीच लिहून द्या नवीन.

कातळशिल्प नाही सापडलं. एक चौकोन सापडला, त्यावर चुलतभाऊ खूश झाला, पण ती आजोबांनी उखळासाठी केलेली सुरुवात निघाली.

कातळवाट | १६ जून, रात्री ११:५८

वर जाऊन आत्ताच उतरलोय, पाय पुसले नाहीत अजून.

पाऊस सातला सुरू झाला. आज धाकटा चुलतभाऊ (झोप न लागलेला), मी आणि गुराखी अण्णा रात्री टॉर्च घेऊन गेलो. आवाज एवढा की एकमेकांशी ओरडून बोलायला लागलो. अण्णांनी पाच डबकी दाखवली आणि पाचही वेगळी निघाली. दोन ताटाएवढी, चार दिवस ऊन पडलं की आटतात. एक जे म्हशीची डबक म्हणून ओळखलं जातं ते दिवाळीपर्यंत राहतं. ताटाएवढ्यांत बोटाच्या पेराएवढे कोळंबीसारखे जीव, पारदर्शक, आणि सगळे उताणे पोहतायत! चुलतभाऊ म्हणाला मेलेत. मेले नव्हते. गेंदताई, हे काय?

दिपकाडी मिळाली. वीसेक कांदे, सगळे एकाच पट्ट्यात. फोटो जोडतोय. आणि हा पट्टा बरोबर त्या समुद्र दिसणाऱ्या कोपऱ्यात आहे. नशीब बघा.

गेंद | १७ जून, सकाळी ६:३०

अहो!! दिपकाडीच आहे. मी हा प्रतिसाद वर्गाच्या दारात उभी राहून लिहितेय.

उताणे पोहणारे ते कवचधारी, कोळंबीचे लांबचे नातेवाईक. नेहमी उताणेच पोहतात. त्यांची अंडी डबकं आटल्यावर त्या चिमूटभर गाळात पडून राहतात, कोरडी, उन्हात, कधी कधी कित्येक वर्षं. पाणी आलं की बाहेर. ज्या डबक्यात बारमाही पाणी आणि मासे असतात तिथे ते टिकत नाहीत, आटणं हीच त्यांची सोय. म्हणजे एप्रिलात आलेल्या त्या टोपीवाल्या गृहस्थांच्या बुटाखाली हे सगळं होतंच, धूळ म्हणून.

देवगडचो | १७ जून, सकाळी १०:१२

सड्यार काय आसा ता बघूक मिरगात येवक होया, ह्या आमची आजी सांगा. ती सर्व्हेवाली नव्हती.

कातळवाट | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतोय.

दुसरी फेरी झाली. तीस चौकटी, तीन दिवस, मी, वहिनी आणि बडोद्याची चुलतबहीण, ती मुद्दाम रजा काढून आली. वहिनी मला वाटलं डबे घेऊन येईल. तिने पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गेंद नावाच्या फुलाचे दोन प्रकार वेगळे केले. मी दोन्हीला 'पांढरी गुंडी' लिहीत होतो. एकाची गुंडी राखाडी, पानं चपटी आणि पाण्याच्या कडेला. दुसरा कोरड्यात. तिला भाजी निवडायची सवय आहे, म्हणाली टाकळा आणि तरोटा यात लोक गोंधळ करतात तसंच हे. (यावर घरात वेगळा वाद झाला, कारण आईच्या मते दोन्ही एकच.)

गेंदताईंच्या सहा जागा सहा रंगांत नकाशावर काढल्या. चौदा एकरांपैकी पाचेक एकर असे निघाले जिथे डबकी, बोटभर मातीचे पट्टे आणि दिपकाडी एकत्र आहे. उरलेल्यात उत्तरेकडचे चार एकर आजोबांच्या वरकशीचे, तिथे आता नुसतं रानमोडी आणि घाणेरीचं तण. म्हणजे 'सगळं अमूल्य' असंही काही नाही. माझा स्वतःचाच थोडा विरस झाला, पण खरं ते खरं.

हे सगळं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. पाच अंगठे आले. एका काकांनी 'छान फुले' लिहिलं.

भाकरी_आधी | २५ ऑगस्ट, सकाळी ७:००

छान फुले. हेच म्हणत होतो मी.

फुलांनी माणूस हलत नाही, पाण्याने हलतो. तुमच्या सड्याखाली वाडी आहे ना? त्यांची बाव (विहीर) कुठे आहे? जांभा म्हणजे चाळण. वर पडलेलं पाणी भेगांतून खाली जातं, खालच्या चिकणमातीला अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झरा म्हणून फुटतं. कोकणात वाड्या उगाच त्या रेषेत बसल्या नाहीत. पाच गुंठ्यांचे प्लॉट म्हणजे चौदा एकरांत रस्ते वगळून सत्तर-ऐंशी बंगले. सत्तर-ऐंशी सेप्टिक टाक्या. आणि चाळण. पुढचं मी सांगायला नको.

सर्वेक्षणाला माझा विरोध नव्हताच. ते कोणासाठी करताय ते विचारत होतो.

गेंद | २५ ऑगस्ट, दुपारी २:०५

@भाकरी_आधी, माझी चूक झाली. एप्रिलातल्या लांबलचक प्रतिसादात मी पाण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. आमच्या विषयाची झापडं.

कातळवाट, बावीला दोरीची खूण करा. दर रविवारी पाणी किती हात खाली आहे ते कोणीतरी लिहून ठेवायचं. झऱ्याखाली कळशी धरून भरायला किती सेकंद लागतात तेही. पाऊस थांबल्यापासून पुढच्या जूनपर्यंत. खर्च शून्य.

कातळवाट | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तिसरी फेरी झाली. गवत पिवळं पडतंय, गेंद अजून उभे आहेत. म्हशीच्या डबकीत पाणी आहे, बाकी चार आटली.

दसऱ्याला सगळे जमले होते, तेव्हा बैठक झाली. फुलांचा नकाशा पाच मिनिटांत पुढे सरकला. झऱ्याची वही मात्र हातोहात फिरली. खालच्या वाडीतल्या दोन बायका न बोलावता आल्या होत्या, त्यांनी ऐंशी टाक्यांचा आकडा ऐकवल्यावर काका तासभर काही बोलले नाहीत.

ठरलं ते असं, आणि ते मला पूर्ण आवडलेलं नाही. उत्तरेचे चार एकर विकायचे. डबक्यांचे पाच एकर, कोपऱ्यासकट, विकायचे नाहीत, वाटपही करायचं नाही. राहिलेल्या पाचांवर भांडण चालू आहे. दोघांची सही अजून बाकी. टोटलस्टेशन यांनी व्यनित (खासगी निरोपात) सुचवल्याप्रमाणे आम्ही एजंटला विचारून पाहिलं होतं, की लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती डबक्यांच्या बाजूला सोडून सगळं क्षेत्र घ्याल का. तो म्हणाला, साहेब, समुद्र त्याच बाजूला दिसतो.

त्यानंतर त्याचा फोन नाही. परवा कळलं, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडचा सडा बघतोय. तिथल्या मालकाला ओळखतो, फोन केला. म्हटलं, जागेचा काही सर्व्हे वगैरे? तो म्हणाला, हो हो, करणारेत ना ते लोक. एप्रिलात.

गेंदताई, उद्या-परवा निघता येईल का? तिथले गेंद अजून उभे असतील. चौकट माझ्याकडेच आहे.